चौसष्ट नंबरचा माणूस

ती गोष्ट आजही आठवली की मी आरामखुर्चीत सरळ होऊन बसतो. बायको स्वयंपाकघरातून विचारते, "कोण आलं?" कोणी आलेलं नसतं. सगळ्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, मूर्तिचोरांच्या मागे कावेरीच्या वाळूत बूट हातात घेऊन धावलो. पण अंगावर काटा आणणारं प्रकरण कुठलं, असं कुणी विचारलं तर मी सांगतो, पंपाच्या मोटारींचं. ऐकणारा हसतो. मग मी त्याला बसवून घेतो आणि पूर्ण ऐकल्याशिवाय उठू देत नाही.

आधी माझ्याविषयी थोडं. आमचं घर तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत. घरात मराठी, दारात तमिळ, कचेरीत इंग्रजी, असा आमचा कारभार. देवनागरी मला आत्यानं शिकवली, हातात छडी घेऊन. म्हणून हे मी स्वतः लिहितो आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकांना माझं मराठी जरा शिळं वाटलं तर त्यांनी ते गरम करून घ्यावं. पोलिसात मी फौजदार म्हणून लागलो आणि या प्रकरणाच्या वेळी इन्स्पेक्टर होतो. कुणाचं नाव मी लिहिणार नाही. त्यातली माणसं अजून आपापल्या घरी सुखानं कॉफी पीत आहेत.

नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं होती ती. गावोगावी एसटीडी बूथ उघडत होते, रस्त्यारस्त्यावर कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या, आणि शेताशेतातून पाण्याच्या पंपाच्या मोटारी नाहीशा होत होत्या. आतली तांब्याची तार चोरांना हवी असे. भाताच्या खाचरात पाणी पोचायच्या दिवसांत मोटार गेली की अख्खं गाव ठाण्यावर येऊन उभं राही. आमचे एस.पी. साहेब तरुण होते, थेट भरतीतून आलेले, माझ्यापेक्षा वयानं बरेच लहान आणि उत्साहानं दुप्पट. त्यांनी हट्टानं कचेरीत एक कॉम्प्युटर आणवला. त्याच्यासाठी खोली थंड केली. खोलीबाहेर बूट काढायचे असा हुकूम निघाला, त्यामुळे आमच्या शिपायांनी त्या खोलीला देवघर म्हणायला सुरुवात केली.

देवघराची पुजारीण म्हणजे एका सरकारी संगणक केंद्रातून आलेली एक बाई. तिशीची, एका मुलाची आई, आणि योगायोग असा की आमच्याच गल्लीतली, आमच्यासारख्याच मराठी घरातली. चारचौघांत ती मला 'सार' म्हणे, एकटी असली की 'मामा'; मी तिला तमिळ रीतीनं 'अम्मा' म्हणे. तिनं मला समजावलं होतं की या यंत्रात दोन मोठी रजिस्टरं आहेत. तिच्या भाषेत टेबलं. एकात गुन्हे: कुठल्या ठाण्यात, कुठल्या तारखेला, काय चोरीला गेलं. दुसऱ्यात आरोपी: नाव, बापाचं नाव, गाव, आणि गुन्हा कुठला. आपण प्रश्न विचारायचा, म्हणजे क्वेरी टाकायची, की यंत्र दोन्ही रजिस्टरं शेजारी उघडून जुळणाऱ्या ओळी जोडतं आणि उत्तर देतं. सुरुवातीला फक्त चोऱ्यांचे गुन्हे भरायचे ठरलं होतं. आरोपी मात्र सगळ्या प्रकारच्या गुन्ह्यांतले भरले होते, कारण ती यादी आयती तयार होती. एका ठाण्याच्या एका वर्षाच्या नोंदी घालून चाचणी घेतली तेव्हा उत्तरं बिनचूक आली. साहेबांनी पेढे वाटले. मग नऊ ठाण्यांची तीन-तीन वर्षं आत गेली.

एका गुरुवारी दुपारी साहेबांनी मला आत बोलावलं. मेजावर छिद्रांच्या कडा असलेला कागद अंथरलेला होता. आजवर मला खबर दिली ती चहावाल्यांनी, बायकोशी भांडलेल्या चोरांनी, आणि एकदा एका पुजाऱ्यानं. यंत्रानं दिलेली ही पहिलीच.

"वाचा," साहेब म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते.

पापनाशमकडच्या एका गावातला वायंडर, म्हणजे जळलेल्या मोटारींची तार नव्यानं गुंडाळून देणारा कारागीर. वय अठ्ठावीस. परदेशात एका जहाजबांधणीच्या कारखान्यात त्याची निवड झाली होती आणि पासपोर्टसाठी आमचा अहवाल हवा होता. नेहमीची तपासणी. नाव, बापाचं नाव आणि गाव घालून क्वेरी टाकली आणि कागदावर सहा ओळी आल्या. सहा वेगवेगळी ठाणी, सहा चोऱ्या. त्यातल्या चार पंपाच्या मोटारी.

माझ्या तोंडून शीळ निघाली. साहेबांसमोर शीळ घालणं शिस्तीत बसत नाही, पण त्या दिवशी तेच हसले. मोटारींची तार गुंडाळणारा माणूस, मोटारी कशा खोलायच्या ते जाणणारा माणूस, आणि आता देश सोडून निघालेला! सगळे धागे एकाच खुंटीला येऊन बसले होते.

"शनिवारी सकाळी अकराला पत्रकारांना बोलावलंय," साहेब म्हणाले. "कॉम्प्युटरनं पकडलेला जिल्ह्यातला पहिला चोर. फोटोसह. तुम्ही त्याला उद्या आणा आणि कबुली घ्या."

शुक्रवारी सकाळी आठला मी त्याला घरून आणला. बारीक अंगाचा, बोटांना वार्निशचा वास असलेला माणूस. त्याच्याबरोबर त्याची थोरली बहीण आली. आई-बाप लहानपणीच गेले, हिनंच त्याला वाढवला. शाळेत मुलांचं दुपारचं जेवण रांधायचं काम करायची ती. मी तिला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि त्याला आत घेतलं. आमचं बोलणं अर्थातच तमिळमध्ये झालं.

"हे नाव तुझं?"

"होय सार."

"हे बापाचं नाव? हे गाव?"

"होय सार."

"आजवर कधी ठाण्याची पायरी चढलास?"

तो थांबला. डोळे खाली गेले, अंगठा बोटांवर घासू लागला. "नाही सार. कधीच नाही."

सरळ सरळ खोटं होतं ते. इतक्या वर्षांत माझ्या कानाला खोटं ऐकण्याची सवय झाली होती, आणि त्या कानानं सांगितलं की हा लपवतो आहे. मी आवाज चढवला. मोटारींचं विचारलं. त्याचं उत्तर एकच, मी कुणाची मोटार घेतली नाही. पण हात थरथरत होते आणि मला तेवढं पुरेसं वाटलं. तपास करणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांनी माझ्याकडून एवढं घ्यावं: लहान गोष्ट लपवणाऱ्याचे हात मोठी गोष्ट लपवणाऱ्याइतकेच थरथरतात. त्या सकाळी ते माझ्या ध्यानात आलं नाही. मी मनातल्या मनात त्याला बेड्या घातल्या होत्या.

तासाभरानं मी बाहेर आलो तर बहीण वाटेत उभी.

"सार, काय केलंय त्यानं?"

"सहा चोऱ्या."

"कोण म्हणतं?"

"कॉम्प्युटर म्हणतो."

"तो कुठला? कुठल्या गावचा?" तिनं विचारलं. तिला कॉम्प्युटर म्हणजे कोणी माणूस वाटला की ती माझी खिल्ली उडवत होती, ते मला आजतागायत कळलेलं नाही. "त्यानं पाहिलं का माझ्या भावाला चोरी करताना?"

"अक्का, तुझा भाऊ खोटं बोलतोय. ठाण्यात कधी आलो नाही म्हणतो."

तिनं कपाळावर हात मारला. "ते खोटंच आहे! गेल्याच्या गेल्या वर्षी रथोत्सवात ट्यूबलाइटची जोडणी यानं केली होती. लाउडस्पीकरवाल्यानं तार उपटली म्हणून यानं त्याच्या कानाखाली वाजवली. ठाण्यात नेलं, कोर्टात उभं केलं, ताकीद देऊन सोडलं. परदेशी पाठवणाऱ्या एजंटानं सांगितलं, फॉर्मवर काही लिहू नकोस. म्हणून हा गाढव लपवतोय. थप्पड मारली ती मारली, सार. ती लिहून घ्या. पण चोरी लिहू नका. सोमवारपर्यंत तुमचा कागद गेला नाही तर त्याची जागा पुढच्या माणसाला देणार आहेत."

मी खिशातून तो छिद्रांचा कागद काढून पुन्हा वाचला. चार मोटारी, एक सायकल, एक पितळी समई. थप्पड नव्हती.

चोऱ्यांच्या यादीत थप्पड नसणार, हे मला कळत होतं. पण मग आरोपींच्या यादीत याचं नाव आलं कशामुळे? थप्पडीमुळे आलं की चोऱ्यांमुळे? डोक्यात घंटा वाजायला लागली आणि ती थांबेना. मी रायटरला, म्हणजे ठाण्याचं दप्तर सांभाळणाऱ्या हवालदाराला सांगितलं, "याला घरी जाऊ दे."

"साहेब! पळाला तर?"

बहीण मध्येच म्हणाली, "उद्या सकाळी दहाला मीच याला आणून बसवते. नाही आणला तर मला आत बसवा. तुमच्या सगळ्यांचा स्वयंपाकही करीन."

मी जबाबदारी माझ्या नावावर लिहिली आणि जीप काढली. कागदावर सहा ठाणी होती, पण गुन्ह्याचे नंबर नव्हते, नुसत्या तारखा आणि वस्तू. मूळ फाइल डोळ्यांनी पाहायची असं मी ठरवलं. आधी पापनाशमकडच्या त्या ठाण्यात गेलो, जिथे थप्पडीचा गुन्हा नोंदला गेला होता. तिथल्या रायटरनं रजिस्टरवरून बोट फिरवत नेलं.

"सापडलं साहेब. रथोत्सवातली मारामारी. चौसष्ट नंबर."

मी डायरीत लिहून घेतलं. बहीण खरं बोलली होती.

तिथून ओरत्तनाडूच्या दिशेनं. जुन्या छत्रमवरून, म्हणजे धर्मशाळेवरून, पुढे गेलं की एक लहानसं ठाणं लागतं. तिथे एका मोटारीची चोरी होती. फाइल उघडली आणि मी खुर्चीवर बसलो. त्या चोरीत चोर सापडला होता! दुसराच माणूस, कबुली, शिक्षा, सगळं रीतसर. आमच्या वायंडरचं नावही कुठे नव्हतं.

"नंबर काय याचा?" मी सवयीनं विचारलं.

"चौसष्ट, साहेब."

माझी पेन्सिल थांबली. योगायोग असेल, मी स्वतःला म्हणालो, आणि जीपच्या ड्रायव्हरला म्हणालो, "जोरात घे." तिसऱ्या ठाण्यावर पोचेपर्यंत मी सीटच्या कडेवर बसलो होतो. तिथे समईची चोरी. चोर सापडलाच नव्हता, आरोपीचा रकाना कोरा. कोऱ्या रकान्यात वायंडरचं नाव कुणी भरलं?

"नंबर सांग!" मी जवळजवळ ओरडलो.

तिथला रायटर दचकला. "चौसष्ट, साहेब. काही चुकलं का?"

मी त्याचा वायरलेस ओढून घेतला आणि उरलेल्या ठाण्यांना एकेक करून विचारलं. अमुक वर्षी, अमुक तारखेला, मोटारीची चोरी, नंबर सांगा. चौसष्ट. चौसष्ट. सायकलवाली? थांबा साहेब, बघतो. चौसष्ट. शेवटच्या ठाण्यावरचाही चौसष्ट. इतका आनंद मला आयुष्यात फार थोड्या वेळा झाला आहे. कारण अजून कळलं नव्हतं, पण माग लागला होता, आणि माग लागला की पोलिसाला भूक-तहान आठवत नाही.

नाक्यावरच्या बूथमधून मी संगणकवाल्या बाईच्या घरी फोन लावला. तिथून पुढचं बोलणं आमच्या मराठीतलं.

"अम्मा, तुझं यंत्र खोटं बोलितंय्."

"मामा, यंत्रास खोटं बोलाय् येत नाही. त्यास जें दिलं, तेंच ते परत देतंय्."

"तर मग मज त्याची उलटतपासणी करूं दे. उद्या सकाळी सातास ये."

शनिवारी सातला आम्ही दोघं अनवाणी देवघरात बसलो. पत्रकार अकराला येणार होते. चार तास. बाईचा चेहरा पडलेला होता, कारण तिच्या कामावर बोट ठेवलं गेलं होतं, आणि तिला वाटत होतं की जुना पोलीसवाला यंत्रावर डूख धरून आहे. खरं सांगायचं तर थोडा होतोच.

"सार, काय विचारूं सांगा," ती म्हणाली. रागावली की एकटी असतानाही सार म्हणायची.

मी म्हणालो, चौकशीत मी आधी असा प्रश्न विचारतो ज्याचं उत्तर मला पाठ असतं. समोरचा तिथेच घसरला तर पुढचं काही खरं मानायचं नाही. मी तिला एका तविल, म्हणजे सनईच्या साथीचा जाडजूड ढोल, वाजवणाऱ्या म्हाताऱ्याचं नाव दिलं. वय सत्तर. एका लग्नात मंगलाष्टकांच्या वेळी नवऱ्याच्या मामानं घाई केली म्हणून त्यानं त्याला तविलची काठी मारली होती. मीच गुन्हा नोंदला होता. आयुष्यातला त्याचा तो एकच गुन्हा.

बटणं टकटकली. पडद्यावर ओळी आल्या. बाई जवळ वाकली आणि एकदम फस्सकन हसली.

"मामा! ह्या आजोबानं दोन मोटारी चोरल्यात म्हणून सांगतंय्, आणि एक म्हैस!"

"त्यास स्वतःचं तविल उचलाय् दुसरा माणूस लागतो," मी म्हणालो.

हसणं ओसरलं तसा तिचा चेहरा बदलला. आता ती माझ्या बाजूला आली होती. "काय की चुकतंय्, सेरी," ती म्हणाली; तमिळ 'सेरी' म्हणजे बरोबर. "पण कुठं?"

मग मी तिला माझ्या धंद्यातली दुसरी रीत सांगितली. दोन साक्षीदार एकत्र बसून एकच गोष्ट सांगत असतील तर त्यांना वेगळं करायचं. एकाला या खोलीत, दुसऱ्याला त्या. तुझी दोन टेबलंही वेगवेगळी बसव. तिचे डोळे मोठे झाले. तिनं फक्त आरोपींच्या टेबलाला विचारलं: या वायंडरच्या किती नोंदी? उत्तर आलं, एक. एकच! पूर्ण ओळ पडद्यावर आली: नाव, बाप, गाव, ठाणं, वर्ष, गुन्हा नंबर चौसष्ट. मग फक्त गुन्ह्यांच्या टेबलाला विचारलं: नंबर चौसष्टचे गुन्हे किती? उत्तर आलं, सहा. सहा ठाण्यांतले, वेगवेगळ्या वर्षांतले.

"वेगळे बसविलं तर दोघंही खरं बोलतात," ती पुटपुटली. "एकत्र बसले कीं खोटं."

मी डायरी तिच्यापुढे टाकली. सातही ठिकाणी चौसष्ट. "प्रत्येक ठाण्यात एक जानेवारीला नंबर पुन्हा एकापासून सुरू होतो, अम्मा. वर्षाला नऊ ठाण्यांत नऊ चौसष्ट."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिनं पिशवीतून आपली वही काढली. काम सुरू करण्याआधी तिनं अधिकाऱ्यांना विचारलेले प्रश्न त्यात उतरवलेले होते. एक पान उघडून तिनं माझ्याकडे फिरवलं. प्रश्न: एक गुन्हा दुसऱ्यापासून ओळखायचा कसा? उत्तर: क्राइम नंबरनं. तेवढा पुरे. आणि खाली, सांगणाऱ्याच्या जागी, माझी सही.

माझीच! ते मला आठवलंही. पंख्याखाली बसून, कॉफी पीत, मोठ्या ऐटीत सांगितलं होतं मी. आणि आमच्या दृष्टीनं ते खरंच होतं. ठाण्यात आम्ही दिवसभर तसंच बोलतो. चौसष्टची फाइल आण, एकशेबाराच्या साक्षीदाराला बसव. कुठलं ठाणं आणि कुठलं वर्ष हे कोणी उच्चारत नाही, कारण आपण कुठल्या छपराखाली उभे आहोत ते प्रत्येकाला ठाऊक असतं. यंत्राला ते कुणी सांगितलं नव्हतं. एक ठाणं, एक वर्ष होतं तोवर झाकून गेलं. नऊ ठाणी आत आली आणि थप्पड मारणाऱ्याच्या गळ्यात सहा चोऱ्या पडल्या. या चुकीसाठी पोलीसच लागतो. बाहेरच्या कुणाला हे सुचलंही नसतं.

"अय्यो मामा," ती हळूच म्हणाली, "ठाणं आणि वर्ष दोन्ही टेबलांत आहे. माहिती सगळी आहे. जोडतांना मीच घेतली नाही. तुम्ही पुरे म्हणून सांगितलांत, मी पुरे म्हणून मानिलें."

"आतां घे."

साडेनऊ वाजले होते. तिनं क्वेरी नव्यानं लिहिली. ठाणं जुळलं पाहिजे, वर्ष जुळलं पाहिजे, नंबर जुळला पाहिजे, तिन्ही मिळूनच. बोटं चुकत होती, पुसत होती, पुन्हा लिहीत होती. मी मागे उभा राहून घड्याळ बघत होतो आणि तिला त्रास देत होतो. वायंडरचं नाव घातलं. पडदा क्षणभर तसाच राहिला आणि मग उत्तर आलं: एकही ओळ नाही. तविलवाल्या आजोबांचं घातलं: एकही नाही. माझ्या खात्रीच्या एका सराईत चोराचं नाव घातलं, ज्याच्या चार चोऱ्या मला पाठ होत्या: बरोबर चार. बाईनं टाळ्या वाजवल्या. मी, पन्नाशीचा इन्स्पेक्टर, अनवाणी, त्या थंड खोलीत एक उडी मारली. खोटं कशाला सांगू.

"थांबा मामा, अजून एक विचारितें," ती म्हणाली, आणि या वेळी तिनं उलटा प्रश्न टाकला: मोटारींच्या चोऱ्यांत दोन किंवा जास्त ठाण्यांत सापडलेली माणसं कोण? दोन नावं आली. तीन ठाण्यांनी त्यांना वेगवेगळं पकडून वेगवेगळं जामिनावर सोडलं होतं, आणि एका ठाण्याला दुसऱ्याची खबर नव्हती. मी ती नावं डायरीत उतरवली. पुढच्या आठवड्यात ती दोघं आमच्याकडे होती आणि एका वीटभट्टीमागे मोटारींचे रिकामे सांगाडे सापडले.

पण त्या क्षणी पावणेअकरा झाले होते. व्हरांड्यात पत्रकार आले होते, एकाच्या गळ्यात कॅमेरा. बाकावर वायंडर आणि त्याची बहीण दहाच्या ठोक्याला येऊन बसली होती. मी बूट घातले आणि साहेबांच्या खोलीत गेलो.

"कबुली?" त्यांनी विचारलं.

"मिळाली सर. पण ती माझी आहे."

मी सगळं सांगितलं. वही दाखवली, सही दाखवली. साहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. ते उठले, खिडकीतून कॅमेरा पाहिला, परत बसले. दोन मिनिटं मला वाटलं की माझी बदली रामेश्वरमच्या पुढे समुद्रात होणार. मग ते म्हणाले, "हा फोटो उद्या छापून आला असता."

"होय सर."

"बाहेर जाऊन त्यांना सांगा, बैठक रद्द. कॉफी द्या. चांगली द्या." आणि मी दाराशी पोचल्यावर, "त्या माणसाचा अहवाल आत्ता टाइप करा. मी इथेच सही करतो."

अहवालात रथोत्सवाची थप्पड मी लिहिली. लपवाछपवी नको, एका किरकोळ गुन्ह्यात ताकीद, बाकी काही नाही. सोमवारच्या आत तो कागद पोचला, पासपोर्ट झाला आणि त्याची जागा त्यालाच राहिली. शनिवारी कागदावर सही झाल्यावर बहिणीनं भावाच्या पाठीत एक धपाटा घातला, खोटं बोलल्याबद्दल, आणि मग तोंडाला पदर लावून रडली.

निघताना वायंडर माझ्या मेजापाशी थांबला.

"सार, एक विचारू? यंत्रानं सहा चोऱ्या सांगितल्या म्हणून तुम्ही सहा ठाणी पालथी घातलीत. एकच सांगितली असती तर?"

मी म्हणालो, "जा, तुझी बस चुकेल."

तो गेला आणि मला बसवेना. पुन्हा बूट काढले, पुन्हा देवघरात शिरलो. नऊ ठाणी आत गेल्यापासून आमच्याकडून जेवढे अहवाल बाहेर गेले होते, पासपोर्टचे, नोकरीचे, तेवढे सगळे आम्ही नव्या क्वेरीतून पुन्हा काढले. दोन चुकीचे निघाले. दोघांच्याही नावावर एक-एकच चोरी. पहिला नुसतं पत्र पाठवून सुधारता आला. दुसरा ओरत्तनाडूकडच्या एका मुलीचा होता. टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवड झाली होती तिची. नळावरच्या भांडणात कधीतरी तिचं नाव आरोपींत गेलं होतं, आणि आमच्या अहवालानं तिला सायकलचोर ठरवलं होतं. ती जागा महिन्यापूर्वीच दुसऱ्या कुणाला गेली होती. तिनं काही तक्रारही केली नव्हती. पोलिसांचा कागद चुकू शकतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

या प्रकरणानं मला काय शिकवलं ते सरळ सांगतो. धडधडीत खोट्याची मला कधी भीती वाटली नाही, ते कुणीतरी पकडतंच. मला भीती वाटते ती पटण्याजोग्या उत्तराची. ते आलं की आपण फाइल मिटतो आणि जेवायला जातो. त्यानंतरच्या सगळ्या नोकरीत, उत्तर मनासारखं आलं की मी मुद्दाम एक प्रश्न जास्त विचारत असे. हाताखालची माणसं वैतागायची.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, गणवेश घालून मी त्या मुलीच्या गावी गेलो. ती अंगणात होती, आई-वडील आत. मी उभ्यानंच सांगितलं, चूक पोलिसांची होती, आणि त्यातही माझी. तिनं ऐकून घेतलं. रडली नाही, ओरडली नाही. नोकरी परत मिळेल का, एवढं विचारलं. मी म्हणालो, ती जागा नाही, पण पुढच्या भरतीसाठी साहेबांचं पत्र आणलं आहे. तिनं ते पत्र उलटसुलट पाहिलं.

"हे इंग्रजीत आहे सार," ती म्हणाली. "ज्यांनी मला चोर म्हटलं त्यांना वाचता येत नाही."

मी तिथल्या तिथे, तिच्या पायरीवर बसून, तमिळमध्ये हातानं लिहून दिलं. खाली हुद्द्यासकट सही केली. तिनं कागद वाचला आणि मला परत दिला. म्हणाली, नळाला आत्ता पाणी आलंय, सगळ्या बायका तिथेच आहेत.

मी तिच्याबरोबर नळावर गेलो. घागरी खाली ठेवल्या गेल्या, कुजबूज थांबली. टोपी नीट केली आणि मोठ्यानं वाचलं, पहिल्या शब्दापासून सहीपर्यंत. मग रांगेच्या टोकाची एक म्हातारी म्हणाली, मला ऐकू आलं नाही. मी पुन्हा वाचलं.